कडांचा मिस्त्री

दक्षिण कोरियातल्या देगू शहरात जुन्या गाड्यांच्या बाजारामागे एक गल्ली आहे. तिथे प्यो ग्वांगसिक एकोणतीस वर्षं गाड्यांना पॉलिश करत होते, आणि या एकोणतीस वर्षांत त्यांनी एकाही माणसावर पुरता विश्वास टाकला नव्हता. बायकोने सूप वाढलं तरी आधी वास घेत. ती बिचारी वैतागून म्हणायची, "अहो, विष घालायचं असतं तर लग्नाच्या वर्षीच घातलं असतं!"

पण खरं सांगायचं तर हा संशयी स्वभावच त्यांच्या धंद्यात कामाला आला. पॉलिशवाल्याचं नाव बुडतं ते कडेवर. बॉनेटच्या मधोमध मशीन हवं तितकं फिरवा, कोण विचारतो! कडेवर आणि कोपऱ्यावर मात्र रंग कागदासारखा पातळ असतो. फिरतं मशीन तिथे जरा रेंगाळलं की रंग जळलाच. खालचा करडा थर उघडा पडतो आणि अख्खा पत्रा नव्याने रंगवावा लागतो. म्हणून मिस्त्री आधी प्रत्येक कडेवर चिकटपट्टी लावत. मशीन झालं की पट्टी काढून तेवढी कड हाताने, फडक्याने हळूहळू चमकवत. पट्टी लावायची ती डोळ्याने नाही, अंगठ्याने. काळ्या गाडीवर दिवे चमकतात, डोळा फसतो, असं त्यांचं म्हणणं. लावलेली पट्टी पुन्हा निरखून बघणं तर त्यांना अपमान वाटे. "ते शिकाऊ पोरांनी करावं," म्हणत. जगात विश्वास होता तो त्या एका अंगठ्यावर. गल्ली त्यांना 'कडांचा मिस्त्री' म्हणे आणि या नावावर त्यांचा जीव होता.

मार्चमध्ये मालक बान यांनी मो एरान नावाची बाई कामावर घेतली. पंचेचाळिशीची, मोजकं बोलणारी, आणि आधी कुठे होती? समोरच्या पॉलिशच्या दुकानात! झालं, मिस्त्रींना रात्रभर झोप नाही. चांगलं चाललेलं दुकान सोडून ही इथे कशाला मरायला आली? माझं मशीन घ्यायला आली, दुसरं काय! पहिल्याच दिवशी तिने कॉफी पुढे केली, तर म्हणाले, "आधी तू पी."

"अहो मिस्त्री, पुडी तुमच्यासमोर फाडली की."

"पाणी कुठे माझ्यासमोर उकळलंस?"

एरानने मुकाट्याने एक घोट घेतला आणि कप ठेवून कामाला गेली. यालाही ते म्हणाले, आतल्या गाठीची आहे.

मे महिन्यात त्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येक पट्टीच्या टोकावर लाल पेनाने एक रेघ मारायची, कुणाला न सांगता. तिसऱ्याच दिवशी दुपारी शेवया खाऊन परत आले, तर काळ्या गाडीच्या बॉनेटवरच्या पट्टीला रेघच नव्हती. मिस्त्रींच्या पायाखालची जमीन सरकली. कुणीतरी पट्टी बदलली होती. कड उघडी ठेवायची, ती जळाली की बोंब मारायची, आणि एकोणतीस वर्षांचं नाव एका दुपारी मातीत! दुसरं काय कारण असणार?

दुसऱ्या दिवशी जेवायला निघाल्याचं सोंग करून ते मागच्या दाराने आत आले आणि धुण्याच्या जागेच्या प्लास्टिकच्या पडद्याआड उभे राहिले. एरान आली, इकडेतिकडे बघितलं, त्यांची पट्टी सोलली आणि रिळावरून नवी काढून लावायला लागली.

"सापडलीस!" मिस्त्री पडद्यातून बाहेर उडालेच. "कधीपासून चाललंय हे? समोरच्याने किती दिले तुला?"

"हळू बोला. मालक वर झोपलेत."

"झोपतोय कसला! उठव त्याला! माझ्या हाताने कड जाळायला निघालीस ना तू?"

एरानने पट्टी खाली ठेवली. "मिस्त्री, इकडे या. डोळे मिटा आणि अंगठ्याने मला कड दाखवा."

"मला शिकवतेस?"

"दाखवा तर खरं."

ते तावातावाने आले. डोळे मिटले, बॉनेटवरून अंगठा सरकवला आणि थांबले. "ही घे."

डोळे उघडले तर अंगठा कडेपासून अर्धं बोट आत. पुन्हा केलं, तेच. डाव्या हाताने केलं, तर त्याहून वाईट. इतकी वर्षं मशीनच्या थरथरीने बोटांतली जाण खाऊन टाकली होती. हिवाळ्यात शर्टाची बटणं लागेनात तेव्हा त्यांनी शिंप्याला शिव्या घातल्या होत्या. आता कुणाला घालणार?

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"फेब्रुवारीत पांढऱ्या गाडीच्या दाराचा कोपरा तुमच्याकडून जळाला. तुमच्या लक्षात यायच्या आत मालकांनी तो गुपचूप रंगवून घेतला. मग मला समोरून बोलावलं. म्हणाले, त्याच्या पट्ट्या बघत जा, पण त्याला कळता कामा नये. मशीन काढून घेतलं तर हा माणूस जगायचा नाही."

म्हणजे संशय शंभर टक्के खरा होता! पाठीमागे कट होता, बाईला मुद्दाम आणलं होतं, मालक सामील होता. फक्त तो कट त्यांना वाचवण्यासाठी होता आणि असल्या कटावर काय ओरडायचं, हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. ते उपड्या बादलीवर बसले.

"मग आता मी काय करू?"

"मधलं करा. मशीन तुमच्याइतकं समतोल कुणी धरत नाही. कडा मी बघते."

"मधलं काय, गाढवही करेल."

"मग करा की."

दुसरं कुणी असं बोललं असतं तर मिस्त्रींनी ओलं फडकं फेकून मारलं असतं. त्या दुपारी मात्र त्यांना रडू फुटलं, आणि तेही त्या बाईसमोर. तिने तोंड फिरवून घेतलं. चिकटपट्टीचं रीळ तिच्याच हातात होतं. तिने ते पुढे केलं नाही, त्यांनीही मागितलं नाही.

थोड्या वेळाने नाक पुसून ते उठले आणि मशीन सुरू केलं. बॉनेटचा मधला भाग त्यांनी असा काढला की छताचे दिवे त्यात लख्ख दिसले. कडेच्या वीतभर अलीकडे मशीन उचललं आणि बंद केलं.

"इथून पुढे तुझं," ते म्हणाले. "आणि जाळलीस तर याद राख!"

"हो मिस्त्री," म्हणत एरानने फडकं घेतलं. ते बाजूला झाले.