डबीवरची बारीक अक्षरं

“किडनी की बीमारी है,” डॉक्टर म्हणाले.

हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात मी उभा होतो. माझी बायको कौसल्या आत वॉर्डात होती आणि मी पहिली पाळी संपवून थेट आलो होतो. बुटांवर कारखान्याची लाल धूळ होती आणि ती त्या धुतलेल्या फरशीवर सांडत होती. डॉक्टर बंगाली होते, वयस्क, हळू बोलणारे. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ‘नेफ्रॉटिक सिंड्रोम’. माझा चेहरा पाहून त्यांनी तेच साध्या भाषेत सांगितलं. मूत्रपिंड म्हणजे रक्ताची चाळणी. चाळणीची भोकं मोठी झाली की रक्तातलं सत्त्व लघवीवाटे वाहून जातं. त्या सत्त्वाला अल्ब्युमिन म्हणतात. ते कमी झालं की पाणी अंगातच मुरतं आणि माणूस सुजतो.

“ठीक होगी न साहब?”

“उमर कम है, यह अच्छी बात है. कारण मिल जाए तो और अच्छा.”

कारण मिळत नव्हतं. आज सांगायला लाज वाटते, पण सांगतोच. ते कारण मीच माझ्या पिशवीतून, डब्याच्या बाजूला ठेवून, वॉर्डात घेऊन जात होतो.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. माझे मामा रेल्वेत, दुर्ग लाईनवर. त्यांनी निरोप धाडला की भिलाईच्या पोलाद कारखान्यात भरती चालू आहे, मॅट्रिक झालेल्या पोरांना काम शिकवतात. मी आलो आणि क्रेन चालवायला शिकलो. क्वार्टर मिळालं तेव्हा कौसल्येला आणि मायला आणलं. वर्षभरात शांता झाली.

बाळंतपणानंतर कौसल्येच्या दोन्ही गालांवर वांग आले. तपकिरी, फुलपाखराच्या पंखांसारखे डाग. मला त्यांचं काही वाटलं नाही. पण ती पदर पुढे ओढून नळावर जाऊ लागली. रविवारी आमच्या क्वार्टरांच्या लाईनीतले आमचे लोक एका घरी बुद्धवंदनेला जमायचे, तिथे जाणं तिनं बंद केलं.

“कावून येत नाही तू?” मी विचारलं.

“लोक पायतेत माह्या तोंडाकडे. मले नाई जमत.”

म्हणून मी दुर्गच्या बाजारातून क्रीमची डबी आणली. दुकानदार म्हणाला, “पंद्रह दिन में चेहरा साफ.” आणि खरंच, महिन्याभरात वांग फिके पडले. या सगळ्या प्रकरणात सर्वांत फसवं काय असेल तर हेच, की क्रीमनं काम केलं. कौसल्या पुन्हा वंदनेला येऊ लागली, हसू लागली. शेजारच्या फुलबाईला, ती इथलीच, जामुलकडची, कौसल्येनं वाटीत थोडं काढूनही दिलं, मग तीही स्वतःची डबी आणू लागली. मी दुसरी डबी आणली, मग तिसरी.

चौथ्या महिन्यात ती म्हणाली, “तोंडात तांब्याच्या गडव्यासारखी चव येऊन राहिली.” मग सुईत दोरा ओवताना हात थरथरायला लागला. बारीकसारीक गोष्टीवरून ती चिडायची, मग स्वतःच रडायची. माय म्हणाली, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू करते. मीही मान डोलावली.

एका सकाळी तिच्या पापण्या सुजल्या होत्या. दुपारपर्यंत उतरल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याभरात काचेच्या बांगड्या मनगटात रुतल्या आणि मायनं तेल लावून, एक एक करून त्या काढल्या. लघवीला साबणासारखा फेस येतो, हे कौसल्येनं मायला सांगितलं आणि मायनं चाचरत मला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरून यायला वेळ लागला. त्यांनी तिथूनच चिठ्ठी देऊन मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथे रोज सकाळी वजन. प्यालेलं पाणी मोजायचं, झालेली लघवी मोजायची. काचनळीत लघवी घेऊन ती दिव्यावर तापवायचे. अल्ब्युमिन असलं की ती गढूळ होते, जास्त असलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठते. कौसल्येची गोठायची. वहीत ‘चार प्लस’ लिहिलं जायचं. जितके प्लस जास्त तितका आजार जास्त, हे कळायला मला दोन दिवस लागले. शाळेत प्लस म्हटलं की बरं वाटायचं.

जेवण बिनमिठाचं. माय फिक्की भाजी आणि उकडलेली अंडी करून द्यायची, मी ती घेऊन जायचो. गोळ्या सुरू झाल्या. सूज थोडी उतरली, मग परत चढली. दोन आठवडे गेले, तिसरा लागला. बाहेरच्या बाकावर माझ्यासारखे चार-सहा जण रोज बसलेले असायचे. कुणाचा भाऊ भाजलेला, कुणाची आई पोटाच्या ऑपरेशनला. आम्ही एकमेकांची नावं विचारली नाहीत, पण एखाद्या दिवशी एखादा दिसला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

त्याच दिवसांत तिची डबी संपली. तिनं मागितली नव्हती. मीच विचार केला, आजारपणात निदान चेहऱ्याचं तरी तिला दुःख नको. नवी आणून तिच्या खाटेजवळच्या कपाटावर ठेवली. ती सुजलेल्या बोटांनी सकाळ-संध्याकाळ लावायची.

वॉर्डात एक केरळची सिस्टर होती. फार बोलायची नाही. एक दिवस कौसल्येचं अंग पुसता पुसता तिनं विचारलं, “ये क्या लगाती हो रोज?” डबी उचलली, खिडकीजवळ नेऊन उजेडात धरली, फिरवली, डोळ्यांजवळ आणली. आणि डबी घेऊन निघून गेली.

संध्याकाळी कौसल्येनं हे सांगितलं तेव्हा मला राग आला. मला वाटलं, सिस्टरनं स्वतःसाठी नेली. गरीब पाहून लोक काहीही उचलतात, असंही मी बोललो.

दुसऱ्या दिवशी त्या बंगाली डॉक्टरांनी मला तपासणीच्या खोलीत बोलावलं. टेबलावर तीच डबी. डॉक्टरांनी त्यातलं बोटभर क्रीम काचनळीत घातलं, त्यात आम्ल ओतलं आणि तांब्याची एक चकचकीत तार सोडून नळी तापवली. आम्ही तिघं, डॉक्टर, सिस्टर आणि मी, बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी चिमट्यानं तार बाहेर काढली, धुतली आणि कापडानं घासली. तांब्याची तार चांदीसारखी झाली होती.

“पारा,” डॉक्टर म्हणाले. “कौन लाया ये?”

“मैं लाया, साहब.”

त्यांनी डबी माझ्या हातात दिली. नावाच्या खाली, डबीच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं होती. त्यात लिहिलं होतं, अमोनिएटेड मर्क्युरी. मर्क्युरी म्हणजे पारा. तो कातडीचा काळसर रंग मारतो म्हणून क्रीममध्ये घालतात. पण कातडीतून तो रक्तात जातो आणि रक्त गाळणाऱ्या मूत्रपिंडाला खातो.

मला इंग्रजी वाचता येत होतं. क्रेनवर चढण्याआधी किती टन उचलायचे ती पाटी मी रोज वाचत होतो. ही डबी मी चार वेळा विकत घेतली आणि एकदाही वाचली नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “मैंने भी नहीं पूछा कि चेहरे पर क्या लगाती है. सिस्टर ने पूछा.” मग त्यांचा आवाज बदलला. “बच्ची को दूध पिलाती थी?”

शांता आठ महिन्यांची होती. आई भरती होईपर्यंत तिच्याच अंगावर पीत होती, तिच्या गालाला गाल लावून झोपत होती.

माय शांताला घेऊन आली. तिची लघवी जमा करायला अर्धा दिवस गेला. सिस्टरनं नळी तापवायला घेतली तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मला बघवत नव्हतं.

“देखो, भैया,” ती म्हणाली. “देखो तो सही.”

नळीतलं पाणी उकळत होतं आणि स्वच्छ होतं.

मग मी तिला सांगितलं की डबी नेल्याबद्दल मी तुमच्याबद्दल वाईट बोललो. ती हसली. तिला मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. म्हणाली, “गलत नहीं सोचा. मुझे भी लगाना था. बस, पहले पढ़ लिया.”

कौसल्येला सांगणं राहिलं होतं. खाटेच्या काठावर बसून मी सगळं सांगितलं. क्रीममध्ये पारा होता, त्यानंच हे झालं, आणि ते मी आणलं.

“तुमी माह्यासाठीच आणली ना?”

“हो.”

“मग रडू नोका. सगळे पाहून राहिले.” आणि लगेच उठून बसायचा प्रयत्न करत म्हणाली, “फुलबाई! तिले कोणं सांगतलं का?”

मी त्याच संध्याकाळी फुलबाईच्या दारात गेलो. ती ऐकून घेईना. आरशाकडे बोट दाखवून म्हणाली, “मोर चेहरा तो बने दिखत हे. काबर छोड़ँव?” चेहरा चांगला दिसतो, मग का सोडू? तिचंही बरोबर होतं. चेहरा छानच दिसत होता. शेवटी मी म्हटलं, एकदा भेटायला चला, मग ठरवा.

ती आली. कौसल्येनं वाद घातला नाही. फुलबाईचा हात धरला, तिचं बोट स्वतःच्या नडगीवर ठेवलं आणि दाबलं. बोट काढल्यावर खड्डा तसाच राहिला. फुलबाई त्या खड्ड्याकडे पाहत राहिली. तो भरायच्या आत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “हाय दाई,” आई गं, एवढंच ती म्हणाली. तिची लघवी तपासली तेव्हा एक प्लस निघाला. क्रीम बंद केल्यावर महिन्याभरात तोही गेला.

कौसल्येला मात्र वेळ लागला. आठ दिवस काहीच फरक नाही. मग एका सकाळी वजन उतरलं. पुढे चारचे तीन प्लस झाले, तीनचे दोन. बांगड्या भरायला अजून अवकाश होता, पण पापण्या हलक्या झाल्या. पडल्या पडल्या तिनं माझ्याकडून इंग्रजी अक्षरं शिकायला घेतली. पहिलं अक्षर ए नव्हतं, एम होतं. मर्क्युरीचा एम. सिस्टर येता-जाता औषधाची बाटली तिच्यापुढे धरायची आणि म्हणायची, “पढ़ो.” ती अडखळत वाचायची. शेजारच्या खाटेवरची म्हातारी विचारायची, “परीक्षा कब है?”

आम्ही घरी आलो. आता जे होणार होतं त्याची मला भीती होती, आणि तसंच झालं. क्रीम बंद झाल्यावर वांग परत आले, आधीपेक्षा गडद. एका सकाळी ती आरशासमोर उभी होती आणि मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होतो.

“इकडे पाहा ना,” ती म्हणाली. “डाग परत आला. येऊ द्या. मी बी परत आली ना.”

त्या रविवारी ती पदर मागे टाकून वंदनेला गेली.

आणि मग बायका यायला लागल्या. फुलबाईनं सगळ्या लाईनीत सांगितलं होतं. कुणी क्रीम आणायची, कुणी केस काळे करायची पुडी, कुणी सुवासिक तेल, कुणी डोळ्यात घालायचं काजळ. कौसल्या उजेडात धरून वाचायची. जमलं नाही तर मला विचारायची, मलाही कळलं नाही तर महिन्याच्या तपासणीला जाताना शब्द कागदावर उतरवून न्यायची आणि डॉक्टरांना दाखवायची. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही, ते ती सरळ परत करायची. “यानं नाव लपवलं, मंग आपण कावून लावायचं?” असं म्हणायची.

केसांच्या रंगाबद्दल डॉक्टरांनी तिला एक सांगितलं होतं, ते मी इथे मुद्दाम लिहितो. आधी थोडासा रंग कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि दोन दिवस थांबा. खाज आली, लाल झालं, तर डोक्याला लावू नका. पण पारा असा पकडता येत नाही. तो बहुधा कातडीवर खाज किंवा लाली दाखवत नाही, उलट ती उजळ दिसते. त्याच्यासाठी वाचणं हाच उपाय आहे.

तुमच्या घरी कुणी सुजू लागलं तर अशक्तपणा म्हणून दिवस घालवू नका. लघवीला फेस येत असेल तर बोलायला लाजू नका. आणि डॉक्टर विचारतील, काय औषध घेता, तेव्हा तेवढंच सांगून थांबू नका. चेहऱ्याला काय लावता, केसांना काय लावता, डोळ्यांत काय घालता, तेही सांगा. वस्तू घेऊन जा. आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही, त्यात तीन आठवडे गेले. एका सिस्टरनं विचारलं म्हणून माझं घर राहिलं. तिची पुढे दुसरीकडे बदली झाली. तिचे आभार मी नीट मानले की नाही, आठवत नाही. ते इथे मानतो.

शेवटची तपासणी वर्षभरानं झाली. डॉक्टरांनी नळी तापवली आणि कौसल्येलाच जवळ बोलावलं. “तुम देखो और बताओ.”

तिनं नळीत निरखून पाहिलं. “साफ आहे,” ती मराठीतच म्हणाली.

“तो अब यहाँ मत आना,” डॉक्टर म्हणाले.

बाहेर बस उभी होती. तिनं नको म्हटलं. कारखान्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोपं लावली होती, अजून कमरेएवढीच होती, सावली कुठेच नव्हती. ती भर उन्हात निघाली. वाटेत ओळखीची बाई भेटली.

“कुठून येऊन राहिली वो?”

“हॉस्पिटलातून. झाली तपासणी, आता नाई जात मी.”

आणि पुन्हा चालू लागली. इतक्या झपाझप की शांताला कडेवर घेऊन मागे राहिलेल्या मला हाक मारावी लागली, “अवं, थांब जरा!”

ती थांबली नाही. “तुमी या हळूहळू,” म्हणाली.