यंदा चौथा

"खुशामत पायजे का खरं?"

कुणीही विचारलं, "चाचा, यंदा आपल्या टीमचं काय?" की चाचा हातातला ट्रे टेबलावर ठेवायचे, ओले हात खांद्यावरच्या फडक्याला पुसायचे आणि आधी हे विचारायचे. समोरचा अर्थातच "खरं" म्हणायचा. मग चाचा बोटं वर करायचे. सहा बोटं म्हणजे सहावा नंबर. एकदा त्यांनी दोन्ही पंजे वर केले.

"अहो चाचा, दहावा? कॉलेजंच दहा उतरतात स्पर्धेत," एक सर म्हणाले.

"म्हणून तर तिथं थांबलो," चाचा म्हणाले.

ते आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत परिचर होते. खुलताबादहून रोज सकाळच्या एस.टी.नं यायचे. "पुलिस ॲक्शन झाली, निजाम गेला, तवा मी पाच वर्षांचा," यापलीकडं स्वतःबद्दल फारसं बोलायचे नाहीत. बोलायचे ते मुलींच्या सॉफ्टबॉल टीमबद्दल. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचाच भाऊबंद. नऊजणी, चार बेस, पिचर खालून हात फिरवून बॉल टाकते, बॅटवाली तो मारून पळत सुटते. चाचांनी आयुष्यात बॅट धरली ती एकदाच, स्नेहसंमेलनात, आणि तिन्ही वेळा हवेत फिरवली. सगळे हसले. चाचांनी शांतपणे बॅट परत केली. म्हणाले, "खेळनारे लई हायेत. नीट बघनारा एक तरी पायजे का नाय?"

असे नीट बघणारे तुम्हीही पाहिले असतील. कुस्तीच्या फडात असतात, भजनात असतात. स्वतः काही करत नाहीत, पण ते बसलेले असले की करणाऱ्याचा हात सरळ पडतो.

टीमसाठी मुली चाचाच हेरायचे, पण ती निवड मैदानावर व्हायचीच नाही. ती व्हायची प्रॅक्टिकलच्या तासाला. माझ्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलीचा कोपर लागून फ्लास्क टेबलावरून खाली आला. मी तो गुडघ्याजवळ डाव्या हातानं धरला, वर ठेवला आणि पुन्हा वहीत लिहायला लागले. मागून आवाज आला, "कुठली गं तू?"

"शेंद्र्याची."

"साडेचारला ग्राउंडवर ये."

"कशाला?"

"फ्लास्क झेलायला."

आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. चारच्या बसनं घरी पोचायचं आणि म्हशीचं बघायचं, या अटीवर कॉलेज मिळालेलं. साडेचारला थांबायचं म्हणजे साडेसहाची बस. वडील म्हणाले, "चेंडू खेळायला फी भरली व्हय?" पण आईनं संध्याकाळची म्हैस स्वतःकडं घेतली. तशी मी कॅचर झाले. होम बेसच्या, म्हणजे बॅटवालीच्या मागं उकिडवं बसून बॉल घेणारी. त्या दोन तासांत मी कुणाची लेक नसायचे, कुणाची बहीण नसायचे. ते दोन तास मला कॉलेजाइतकेच प्यारे झाले.

दुसऱ्या वर्षी मी कॅप्टन झाले आणि त्याच वर्षी नवे प्राचार्य आले. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. ग्राउंडवर त्यांना स्कूटर स्टँड करायचा होता. एक दिवस त्यांनी खेळाच्या सरांना, मला आणि चाचांना केबिनमध्ये बोलावलं.

"चाचा, सगळे म्हणतात तुमचा अंदाज चुकत नाही. मुली यंदा पहिल्या-दुसऱ्या येणार असतील तर टीम ठेवू. नाहीतर हे बंद करू."

टीम गेली की माझी चारची बस परत येणार होती. मी चाचांकडं बघत राहिले. दोन बोटं, चाचा. नुसती दोन बोटं वर करा.

चाचांनी फडक्याला हात पुसले. "साहेब, खुशामत पायजे का खरं?"

प्राचार्यांना असं कुणी विचारलं नसावं. "खरं सांगा."

"चौथा."

सरांनी डोळे मिटले. चाचांना त्याचं काही नव्हतं. ते सांगत राहिले. पिचर नवी आहे, तिसऱ्या इनिंगनंतर तिचं मनगट पडतं. तिसऱ्या बेसवरची बॉलला भिते. "आन् ही हुबी हाय ना, ही बॉल झ्याक घेते. पन दुसऱ्या बेसवर फेकायच्या आधी इचार करते. हिचा इचार होईस्तोवर समोरची पोचून चहा पिते. पुढच्या साली मात्र हीच टीम दुसरी येईल."

"मग पुढच्याच साली पाठवू की," प्राचार्य म्हणाले.

"यंदा चौथा आल्याबिगर पुढं दुसरा कसा येईल, साहेब?"

प्राचार्यांनी पेन टेबलावर आपटत बराच वेळ काढला. मग म्हणाले, "ठीक आहे. चौथा म्हणालात ना? चौथा आला तर टीम राहील. पाचवा आला तर स्कूटर स्टँड."

बाहेर येताच मी चाचांवर तुटून पडले. "एक खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"दुसरा बोललो असतो तर तुला दुसरा आनावा लागला असता," चाचा म्हणाले. "आनती का?"

"चौथा तरी येतोय का, बघ आता," असं म्हणून ते बीकर धुवायला गेले.

चौथा म्हणजे सेमीफायनल गाठायची. तिच्या आधीच्या मॅचमध्ये शेवटच्या इनिंगला आम्ही एका रननं पुढं होतो, दोन आउट झाल्या होत्या, तिसरी झाली की मॅच संपणार होती, आणि समोरची एक पोरगी पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडं पळत सुटली. बॉल माझ्या ग्लोव्हमध्ये आला एवढं आठवतं. फेकल्याचं आठवत नाही. धूळ खाली बसली तेव्हा अंपायरचा हात वर होता आणि कठड्याबाहेर चाचा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "बघा, इचारच नाय केला."

सेमीफायनल हरलो. तिसऱ्या जागेसाठीची मॅचही हरलो. चौथ्या नंबरसाठी टीमच्या गाडीत पेढे वाटलेले दुसऱ्या कुठल्या कॉलेजानं पाहिले नसतील. प्राचार्यांनी सर्टिफिकेट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "तंतोतंत." स्कूटर स्टँड लायब्ररीमागं गेला.

त्या उन्हाळ्यात चाचा रिटायर झाले.

पुढच्या मोसमाच्या तोंडावर आम्हाला करमेना. अंदाज कुणाला विचारायचा? एका रविवारी आम्ही नऊजणी खुलताबादच्या बसमध्ये बसलो. चाचांचं घर वेशीच्या आतल्या बोळात. चाचा लुंगीवर दारात बसलेले, बरेच वाळलेले. आम्हाला बघून उठायला गेले तर खोकला आला. चाचींनी सगळ्यांना चहा दिला. कप पाचच होते, म्हणून दोन पंगती झाल्या.

मग आम्ही त्या बोळातच बॉल फेकून दाखवला. शेजाऱ्याची शेळी दोनदा मधे आली. पिचरनं मनगट दाखवलं, तिसऱ्या बेसवालीनं दोन कडक बॉल छातीजवळ घेतले. चाचांनी चष्मा लावला आणि अर्धा तास पापणी हलवली नाही.

"चाचा, यंदा?" मी विचारलं.

त्यांनी आमच्या नऊजणींकडं एकेक करून बघितलं. मग एकच बोट वर केलं.

"पहिला? मागच्या साली तर तुम्ही दुसरा बोलला होता."

"मागच्या साली बोललो. आज बघितलं."

परतीच्या बसमध्ये आम्ही इतका गोंधळ घातला की कंडक्टरनं घंटी ओढून दोनदा बस थांबवली. पहिला! चाचांच्या बोटांनी तो नंबर कधी दाखवलाच नव्हता.

फायनलला एका रननं हरलो. दुसरा नंबर.

चाचांचा अंदाज आमच्यामुळं चुकला, हे मला फार लागलं. तोंड दाखवायची हिंमत होईना. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता परीक्षा आली. बी.एस्सी.चा निकाल लागला, घरातली पहिली पदवी मिळाली, तेव्हा कुठं पेढे घेऊन गेले. दारात चाचा नव्हते. हिवाळ्यातच गेले, चाचींनी सांगितलं. छातीचं दुखणं होतं. कॉलेजात कुणाला कळवायचं, ते त्यांना सुचलं नव्हतं.

त्यांनी माझ्या हातातले पेढे घेतले. मग चाचींनी विचारलं, "बेटी, कौनसा नंबर आया तुमारा?"

पहिला म्हणावं, असं अगदी ओठावर आलं होतं. आता कुणाचं काय बिघडणार होतं? पण त्या माणसाच्या घरात बसून ते जमेना.

"दुसरा आला, चाची. आमचंच चुकलं."

"तो ठीक बोले थे उनो," चाची म्हणाल्या. "तुम लोगां गए बाद मेरेकू बोले, दूसरा आयेंगा करके."

"मग आम्हाला पहिला का सांगितला?"

"मैं भी वोइच पूछी. बोले, इत्ते बरस सब रस्ते में पूछते थे. पैली बार कोई घर कू आको पूछे. दरवाज्जे पे आए सो मेहमान कू दूसरा कैसा बोलूं?"

पर्समध्ये दुसऱ्या नंबरचं पदक होतं. येताना ते काढायचंच नाही असं ठरवलं होतं. मी ते चाचींच्या हातात दिलं. त्यांनी पदराच्या टोकानं ते पुसलं आणि आत, चाचांच्या चष्म्याजवळ नेऊन ठेवलं.