वाघोबाचा चढ आणि सात-एक्केचाळीसची जोडी

दाजींच्या मोटारीला दातेरी चक्रांची कोणती जोडी बसवायची हे मी ठरवलं. तिथूनच सुरुवात करतो, म्हणजे पुढे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायचा मोह होणार नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुरबाडहून किन्हवली, शहापूर करत आसनगाव स्टेशनापर्यंत ते भाड्याची मोटार चालवत. मोटार उघडी, अमेरिकन बनावटीची, त्यांच्याकडे आली तेव्हाच बरीच थकलेली. लढाई संपल्यावर कल्याणला लष्कराचा उरलासुरला माल विकायला निघाला, तेव्हा त्यांनी तिच्यात एका लष्करी गाडीचं मोठं इंजिन बसवून घेतलं. त्याला कारण होतं. मुरबाडहून सकाळच्या आगगाडीच्या वेळेला बस सुरू होणार अशी बोलवा उठली होती. बस आगगाडी गाठून देईल आणि दाजींची मोटार देणार नाही, तर मोटारीत बसणार कोण? ताईचं घर त्या एका फेरीवर चालत होतं.

इंजिन बसलं त्याच आठवड्यात मागच्या आसाच्या पेटीतून कडकड आवाज आला आणि मोटार थांबली. इंजिन फिरत होतं, चाकं फिरत नव्हती. जुन्या दात्यांना नवा जोर सोसला नव्हता.

ज्यांनी मोटारीचं पोट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाकडून एक फिरता दांडा मागे येतो. त्याच्या टोकाला लहान दातेरी चक्र असतं, ते आसावरच्या मोठ्या चक्राला फिरवतं. या दोघांची मिळून जोडी, आणि मिस्त्री लोक तिला दात्यांच्या संख्येवरूनच ओळखतात. कल्याणच्या भंगारात आमच्या पेटीत बसतील अशा दोनच जोड्या निघाल्या, सात-एक्केचाळीस आणि नऊ-सदतीस. सातवालीत दांडा जवळजवळ सहा वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. चढाला ताकद मिळते, सपाटीला रांगावं लागतं. नऊवालीत चारच्या आसपास. सपाटीला पळते, चढाला धाप लागते.

"दोन्ही चांगल्या हायेत," आमचा मिस्त्री म्हणाला. त्याचं मत एवढंच होतं.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "बोला मेव्हणे. तुमच्या शाळेपायी तुमच्या बहिणीनं शेण्या थापल्या. आज त्यातनं कायतरी उगवू दे."

हे ते हसत म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही, कारण शेण्यांची गोष्ट खरी होती.

मी हिशोबाला बसलो. किन्हवलीच्या अलीकडे एक उभा चढ होता. पायथ्याला वाघोबा, म्हणजे वाघ कोरलेली, शेंदूर फासलेली लाकडी फळी. जुन्या इंजिनाला भरली मोटार तिथे ओढवत नसे, म्हणून पुरुष मंडळी खाली उतरत, वाघोबाला हात जोडत आणि चालत वर येत. बाया, म्हातारे आणि गाठोडी मोटारीत राहत. पैसे देऊन माणसांना चालावं लागतं याची मला मनापासून लाज वाटायची. म्हणून मी भरल्या मोटारीचा हिशोब केला. अठरा माणसं, गाठोडी, एखादी कोंबड्यांची पाटी. उत्तर स्वच्छ आलं: सात-एक्केचाळीस.

पहिल्या फेरीला मी पुढे, दाजींच्या शेजारी बसलो. पायथा आला तसे दाजी मागे वळून ओरडले, "बसा रे बसा! आज उतरायचं नाय!"

मागच्या बाकावरचा किन्हवलीचा एक शेतकरी पाय बाहेर काढतच होता. "मंग वाघोबासमोरनं काय तंगड्या पसरून जाऊ?"

"अरं, इंजिन नवं हाय!"

"इंजिन नवं हाय. वाघोबा जुनाच हाय ना?"

मोटार पुरती थांबायच्या आत सगळे पुरुष उतरले. दाजींनी माझ्या जागेकडे पाहिलं. जागा रिकामी होती. मी सगळ्यांच्या आधी उतरून, वहाणा काढून, हात जोडून उभा होतो. त्या चढाला मी लहानपणापासून गाडीतून उतरत आलो होतो. हिशोब करताना हे मला आठवलं नाही.

अर्धी रिकामी मोटार तो चढ काही न झाल्यासारखा चढली आणि वर जाऊन आमची वाट पाहत उभी राहिली. पुढे शहापूरपर्यंत सपाटी. तिथे इंजिन किंचाळायला लागलं आणि चाकं आपल्या चालीनं चालली. एक सायकलवाला आमच्या बरोबरीला आला, काहीतरी बोलला, आम्हाला ऐकू आलं नाही, आणि तो पुढे निघून गेला. स्टेशनात पोहोचलो तेव्हा आगगाडीचा शेवटचा डबा दिसत होता.

परतताना मी दाजींची माफी मागितली. इंजिनाच्या किंचाळण्यात त्यांनी कानामागे हात धरून "काय?" विचारलं. मी पुन्हा मागितली. "पेट्रोल हाय रे," ते म्हणाले.

ताईनं संध्याकाळी सुकट आणि भाकरी वाढली. "जेव रे," एवढंच म्हणाली, आणि जास्तीची भाकरी माझ्या ताटात टाकली.

उतारू तुटत गेले. जे उरले ते खुद्द दाजींनाच अदबीनं विचारायचे, "दादा, ती बस कधी चालू व्हतेय वो?" दाजीही त्यांना ठाऊक असेल तेवढं सांगायचे.

शेवटी मी हिशोब पुन्हा मांडला. या वेळी चढावर चालणाऱ्या माणसांना मोटारीतून वगळलं. उत्तर आलं: नऊ-सदतीस. मिस्त्रीनं पेटी खोलली. "मी तवाच बोललो," तो म्हणाला, "दोन्ही चांगल्या हायेत."

नऊवालीनं चढाला धाप घेतली, पण मोटार हलकी होती, चढली. सपाटीला अशी पळाली की आम्ही स्टेशनात आधी पोहोचून फलाटावर चहा प्यायलो.

पुढे बस सुरू झाली. पहिल्या दिवशी ड्रायव्हरनं ती वाघोबासमोरून तशीच पुढे दामटली. लोकांनी आत एवढा आरडाओरडा केला की दुसऱ्या दिवसापासून तोही थांबायला लागला. मात्र बसभर माणसं उतरायची, हात जोडायची, विड्या पेटवायची, चढ चालायची आणि पुन्हा चढून बसायची, तोवर आमची मोटार किन्हवली ओलांडून गेलेली असायची. ज्यांना आगगाडी गाठायची होती ते दाजींकडे परत आले.

त्याच सुमाराला एका सकाळी मी पुढच्या जागेवर बसलो होतो. मोटार आता किंचाळत नव्हती, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. माफी मागायला यापेक्षा बरी वेळ मिळाली नसती. मी घसा साफ केला. "दाजी, त्या जोडीचं मी तुम्हाला..."

दाजींनी ब्रेक दाबला. "उतरा, मेव्हणे," ते म्हणाले. "वाघोबा आला."