पेटीवरचं कुंकू

"आधी ते पुसा. मग मी हात लावतो."

असं म्हणून त्याने काउंटरवरून फडकं माझ्याकडे फेकलं. हातात दिलं नाही. फेकलं. ते माझ्या छातीला लागून खाली पडलं. मी वाकलो आणि उचललं. ते वाकणं अजून माझ्या कमरेत आहे.

घाटकोपर स्टेशनच्या बाजूचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान. मालक माझ्या मुलाच्या वयाचा, शुद्ध मराठी बोलणारा. काउंटरवर आमचा नवा कॉम्प्युटर, म्हणजे ती काळी पेटी. पेटीवर मी लावलेलं हळदकुंकू. तेच पुसायला सांगत होता.

माझी नात ऋतुजा कॉलेजात इमारतींचे नकाशे काढायला शिकते. जुन्या लॅपटॉपवर तिचं काम अडकायचं. म्हणून सुटे भाग ह्याच दुकानातून आणले आणि असल्फ्याच्या आमच्या खोलीत पोरीने स्वतः जोडले. स्क्रू पिळताना जीभ बाहेर काढते, माझ्यासारखी. झाकण लावलं आणि बटणाकडे हात नेला. मी म्हटलं, "थांब गं."

मी गिरणीत साचे चालवले. कापड विणायचे माग, त्यांना आम्ही साचे म्हणायचो. खंडेनवमीला साचा पुसायचा, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. नवा साचा आला तर पूजेशिवाय कोण चालू करत नसे. मुकादमसुद्धा चप्पल काढून उभा राहायचा. गिरणी गेली, सवय राहिली. म्हणून पेटीच्या पत्र्यावर दोन बोटं ओढली. बाहेरून. आत कणभर नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

ऋतुजाने मोबाईलवर शोधलं. म्हणाली, "आबा, प्रोसेसर नवा आहे आणि बोर्ड जुन्या स्टॉकचा. त्याचा बायोस अपडेट नसणार."

"बायोस म्हणजे काय गं?"

"बोर्डातला पहिला प्रोग्राम. काय काय जोडलंय ते तो ओळखतो, मग मशीन जागं होतं. हा नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. दुकानात जुना प्रोसेसर बसवून अपडेट करून देतात."

चौथी शिकलोय, पण एवढं मला कळलं. परवा नकाशे द्यायचे होते. नाही दिले तर पोरीची परीक्षा बुडणार. पेटी उचलली, रिक्षा केली.

दुकानात ऋतुजाने तोंड उघडलं, "सर, बायोस..."

त्याने हात वर केला. त्याला कुंकू दिसलं होतं. गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला, "हे बघा, कॉम्प्युटरचं लग्न लावून आणलंय!" सगळे हसले. मग मला म्हणाला, "ही पावडर आत गेली की बोर्ड मेला. वॉरंटी विसरा. आजोबा, हे गावी बैलाला लावायचं."

"बाहेरून लावलंय."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

मी ऋतुजाकडे बघितलं. "मघाशी घरी म्हणालीस ते सांग ना ह्यांना."

"आबा, तू थांब ना जरा. प्लीज."

तिचे कान लाल झाले होते. मालकाची भीती वाटत होती तिला. आणि माझी लाज. माझी!

मग ते फडकं. मी पुसलं. नकाशांसाठी पुसलं. हळद अशी सुटत नाही, घासावी लागते. सगळं दुकान बघत होतं. तो म्हणाला, "कोपऱ्यात राहिलंय अजून." मी कोपराही पुसला.

मागे बसणाऱ्या रिपेअरवाल्याने झाकण उघडलं. आत सगळं स्वच्छ. त्याने जुना प्रोसेसर बसवला, पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाला, "आता लाइट जाऊ नये, नाहीतर खरंच मरेल बोर्ड." मी काउंटर घट्ट धरून उभा. पडद्यावरची पट्टी सरकत सरकत भरली. मग त्याने आमचा प्रोसेसर परत बसवला. पडदा उजळला.

"बायोस जुना होता, सर. बाकी काय नाय."

मालक म्हणाला, "झालं. घेऊन जा."

मी हललो नाही. "म्हणजे कुंकवाने बिघडलं नव्हतं."

"आजोबा, काम झालं ना तुमचं?"

"मघाशी सगळ्यांसमोर बोललास. आता सगळ्यांसमोर सांग, कुंकवाने काय झालं नव्हतं."

तो पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "हां, बोला सर."

मी तसाच उभा. माझ्या खांद्यावरून सामानाची देवाणघेवाण चाललेली. मघाशी हसायला सगळे होते. आता कोणाला मी दिसत नव्हतो. जसा काय मी तिथे जोडलेलोच नव्हतो. काय करणार होतो मी? ओरडलो असतो तर म्हातारा पिसाळला म्हणाले असते. शेवटी ऋतुजाने एकटीने पेटी उचलली आणि बाहेर पडली. मला तिच्या मागे जावं लागलं.

रिक्षात ती हळूच म्हणाली, "आबा, परत कुंकू नको हं लावू."

तिलाच ठाऊक होतं खरं काय ते. आधीपासून. तरी असं म्हणाली. मी बाहेर बघत बसलो.

नकाशे वेळेवर गेले. पेटी झकास चालते. पत्र्याच्या कोपऱ्यात हळदीचा पिवळा डाग अजून आहे. तेवढा मला पुसता आला नाही.

खंडेनवमी येईल. मी पेटीला कुंकू लावणार. ऋतुजा रुसली तरी लावणार. बिघडली तर तशीच, कुंकवासकट, त्याच काउंटरवर नेऊन ठेवणार. ज्याला पुसायचंय त्याने पुसावं. आणि फडकं फेकलं, तर ते जमिनीवरच पडून राहील.