त्या रविवारी कोणी भांडलं नाही

सगळी वस्ती त्यांना कंडक्टरकाका म्हणायची. बसची नोकरी सुटून बराच काळ लोटला होता, तरी कोणी दारात घुटमळलं की काकांच्या तोंडून आपसूक निघायचं, "आत सरका, दार अडवू नका." बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि रिकामं घर खायला उठलं, तेव्हा काकांनी वाचनालयामागचा हॉल मिळवून दर रविवारी तिथे दुरुस्तीचं टेबल मांडलं. नियम एकच होता. बंद पडलेला पंखा असो की मिक्सर, मालकाने स्वतः तो उघडायचा. जाणत्याने शेजारी बसून फक्त दाखवायचं.

आता डिंक वाळेपर्यंत माणसं गप्प थोडीच बसणार? पाणी कमी दाबाने येतं, कचऱ्याची गाडी कोपऱ्यावरूनच परत जाते, असे विषय निघायचे आणि भांडणं जुंपायची. काकांना ती मुळीच आवडत नसत. भरलेली बस सांभाळण्यात जन्म गेला होता. आवाज चढला की ते आवाज कमी करा म्हणत टेबलाभोवती फिरायचे.

सगळ्यांत मोठा आवाज इस्त्रीवाल्या ताईंचा. कोपऱ्यावर त्यांचं कपडे इस्त्री करण्याचं दुकान होतं. पहिल्यांदा आल्या त्या इस्त्रीची जळलेली वायर घेऊन, आणि वायर बदलून झाल्यावरही येत राहिल्या. त्यांच्या गल्लीत दिवा नव्हता. एकदा धीर करून त्या पालिकेच्या कचेरीत गेल्या, तर खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता परत पाठवलं. रविवारी हे सांगताना त्यांना रडू फुटलं. तेव्हा टेबलापाशी बसलेल्या एका सुताराने डोळ्यांवर चष्मा चढवला आणि तो कारकून होऊन बसला. "काय काम आहे?" म्हणत तो असा काही गुरकावला की सगळे हसून लोळले. ताईंनी विचारायचं, त्याने झिडकारायचं, बाकीच्यांनी चुका काढायच्या, असं बराच वेळ चाललं. पुढच्या खेपेला ताई कचेरीत गेल्या त्या साहेबांना भेटूनच आल्या. गल्लीत दिवा लागला. मग ताईंना बोलण्याची गोडीच लागली. कोणी काही पटलं नाही म्हणून नुसता कुरकुरला, की त्या म्हणायच्या, "मग तोंड उघडून सांग ना. आणि समोरच्याचंही ऐक."

हॉलचं भाडं एक संस्था भरायची. एके दिवशी तिथून निरोप आला, की एक बाई पाहणीला येणार आहेत. लोक इथे दुरुस्तीपलीकडे काय शिकतात, प्रश्न विचारतात का, वस्तीच्या कामात भाग घेतात का, हे त्यांना बघायचं होतं. काकांनी त्यातला पाहणी एवढाच शब्द ऐकला. तिकीट तपासायला साहेब चढले की बस कशी चिडीचूप हवी, हे ते आयुष्यभर शिकले होते. त्यांनी सगळ्यांना बजावलं, की या रविवारी वादावादी नको. आणि आदल्या दिवशी ते ताईंच्या दुकानात गेले.

ताई कुणाच्या तरी शर्टाची कॉलर दाबत होत्या. काका बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. शेवटी म्हणाले, "ताई, उद्याचा दिवस तुम्ही नाही आलात तर चालेल का? बाहेरची माणसं आहेत. उगाच काहीतरी गैरसमज व्हायचा."

ताईंनी इस्त्री उभी करून ठेवली. "मी बोलते म्हणून?" त्यांनी विचारलं.

काकांनी खाली बघून मान हलवली. ताईंनी शर्टाची घडी घातली आणि त्या म्हणाल्या, "बरं, भाऊ. नाही येत."

रविवार अगदी देखणा पार पडला. माणसं खाली मान घालून स्क्रू पिळत होती. पाहणीच्या बाई साध्या, हसतमुख होत्या. प्रत्येकाशेजारी बसून त्यांनी आस्थेने चौकशी केली. सुतारालाही विचारलं, पण तो नुसता काकांकडे बघून हसला. निघताना त्यांनी काकांना विचारलं, "इथे लोकांचे कधी मतभेद होतात का? वाद वगैरे?"

"छे," काका अभिमानाने म्हणाले. "आमच्याकडे कधीच नाही."

काही आठवड्यांनी बाई मुद्दाम स्वतः आल्या. चांगलं काम आहे, म्हणाल्या, लोक हाताने काम करायला शिकतात. पण संस्थेला जे हवं होतं, म्हणजे माणसांनी एकमेकांशी वाद घालावा, ऐकून घ्यावं, मिळून काही ठरवावं, ते इथे दिसलं नाही. म्हणून आता भाडं भरता येणार नाही. सांगताना त्यांनाच वाईट वाटत होतं.

काकांच्या डोळ्यांपुढे चष्मा लावलेला सुतार आला. ताईंची गल्ली आली. ते सांगायचं म्हटलं, तर ताई त्या दिवशी का नव्हत्या हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी बाईंना पाणी दिलं आणि दारापर्यंत सोडलं.

टेबल बंद झालं. काका माफी मागायला दुकानात गेले, तेव्हा ताईंनी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला. "राग नाही हो, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्या रविवारी घरी बसले, तेव्हा मनात आलं, की आपण खरंच फार बोलतो. तुमच्यासारख्या माणसालासुद्धा लाज वाटावी इतकं."

"तसं नाही, ताई. चूक माझी होती."

"असू द्या," असं म्हणून त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

पुढे पालिकेने वस्तीतला दवाखाना संध्याकाळी बंद ठेवायचा घाट घातला. त्यावर सभा बोलावली होती. दिवसभर कामावर जाणाऱ्यांना संध्याकाळचीच वेळ जमायची, ताईंना तर नक्कीच. काका मागच्या बाकावर बसले आणि वाट बघत राहिले, की आता ताई उठतील. ताई पदर आवळून बसून होत्या. अध्यक्षांनी कोणाला काही बोलायचंय का, असं दोनदा विचारलं. शेवटी काकाच उभे राहिले. पण पुन्हा पुन्हा सराव करून बोलायला शिकल्या होत्या त्या ताई. काका त्या वेळी आवाज कमी करा म्हणत फिरत होते. दोन वाक्यांत ते अडखळले, पुढचं सुचेना, आणि कोणीतरी सौम्यपणे त्यांना बसा म्हणालं.

दवाखाना संध्याकाळी बंद झाला. सभेतून घरी जाताना काका आणि ताई एकाच रस्त्याने चालले. काकांनी विचारलं, तुम्ही का नाही बोललात? ताई म्हणाल्या, "सगळं नीट चाललं होतं ना सभेत. उगाच कशाला." गल्लीच्या तोंडाशी त्यांनी नमस्कार केला आणि त्या आत वळल्या. काका गल्लीतल्या त्या दिव्याकडे बघत उभे राहिले.