बमरोलीच्या नळावर

लग्न होऊन सुरतेला आले, तेव्हा पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात हे मला ठाऊक नव्हतं. माहेरच्या शेतात पाटाचं पाणी बारा महिने वाहायचं. त्यात पाय सोडून बसायचे मी, पण त्याच्याकडे कधी नीट बघितलं नाही. बमरोलीतल्या आमच्या चाळीत मात्र अंगणात सगळ्यांसाठी एकच नळ होता. सकाळी थोडा वेळ तो चालायचा. नवरा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायचा, आणि कानामागचा रंग तसाच ठेवून जेवायला बसायचा.

एका उन्हाळ्यात काही दिवस नळाला थेंबही आला नाही. ज्या सकाळी पाणी आलं, त्या सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माझा हंडा नळाखाली होता. समोरच्या खोलीतली बाई, नंदुरबारकडची, माझीच बोली बोलणारी, पुढे आली आणि तिने लाथेने तो उडवला.

"मन्हा हंडा पहिला शे," मी म्हणाले.

"मनी पोर तापमा शे," ती म्हणाली आणि आपली कळशी नळाला लावली.

मी तिची वेणी धरून तिला मागे ओढलं. तिने वळून हातातली कळशी माझ्या भुवईवर हाणली. आधी आवाज ऐकू आला, मग डोळ्यात काहीतरी गरम उतरलं. मी तिला खाली पाडलं, तिच्या छातीवर बसले आणि दिसेल तिथे मारत सुटले. तिने माझ्या मनगटाचा चावा घेतला. मला सोडवायला नवरा धावत आला. त्याला बघून तिचा नवरा घरातून लोखंडी सळई घेऊन आला. पहिला घाव माझ्या नवऱ्याच्या हातावर बसला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा घाव चुकला आणि नळाच्या पाइपवर बसला.

पाइप फुटला. पाणी माणसाच्या उंचीएवढं उडालं.

भांडण तिथेच थांबेल असं कुणालाही वाटलं असतं. पण सगळी चाळ बादल्या घेऊन त्या पाण्यावर तुटून पडली. नवरा खाली पडला होता, त्याच्या अंगावरून लोक जात होते. डोळ्यांत रक्त उतरल्याने मला नीट दिसत नव्हतं. मी रांगत त्याच्याकडे जायला लागले, तर कुणाची तरी टाच माझ्या बोटांवर पडली.

तेवढ्यात मानेला हात लागला. तीच बाई होती. तिने कोपरांनी माणसं बाजूला ढकलली, मला फरफटत पाइपपाशी नेलं आणि माझं तोंड धारेखाली धरलं.

"हालू नको."

पाणी लाल होऊन गटाराकडे गेलं, मग गुलाबी, मग स्वच्छ. तिचा अंगठा माझ्या भुवईवर घट्ट दाबलेला होता. डोळा उघडला तेव्हा पहिल्यांदा दिसलं ते पाणी. एवढं पाणी मी सुरतेत कधी बघितलं नव्हतं. दुखत असूनही तोंड बाजूला काढावंसं वाटेना.

मला टाके पडले, नवऱ्याचा हात प्लास्टरमध्ये गेला. पोलीस तिच्या नवऱ्याला घेऊन गेले आणि समजुतीने प्रकरण मिटलं. पाइप दुरुस्त होईपर्यंत टँकर यायचा. तिथेही डोकी फुटली, पण त्या रांगेत आम्ही दोघी एकमेकींचा हंडा धरून उभ्या राहायचो.

पुढे ते कुटुंब सुरतेच्या टोकाला, इच्छापोरला गेलं आणि आम्हीही घरात नळ असलेली जागा घेतली. पहिल्या दिवशी मी तो सुरू केला आणि काही न धुता, काही न भरता, नुसता हात धारेखाली धरून उभी राहिले. नवऱ्याने मला बंद करायला सांगितलं नाही.

मागच्या वर्षी ती बाजारात भेटली. माझ्या भुवईकडे बघत राहिली.

"पानी येस का तुमनाकडे?" तिने विचारलं.

"दिनभर," मी म्हणाले.

तिने मान हलवली. तिच्याकडे अजून टँकरच येत होता.