नळ घरातून, आम्ही मागून

पौषातला बुधवार. काम असं: सात रस्त्याजवळच्या एका वकिलाच्या घरामागची मैल्याची टाकी बंद करायची आणि संडासाचा नळ घरापुढच्या रस्त्यातल्या नव्या भुयारी गटाराला जोडायचा. आम्ही वडार. खणणं आमचं.

मुकादमानं चुन्याची रेघ मारून ठेवली होती. टाकीपासून मागच्या भिंतीपर्यंत एक. पुढच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत दुसरी. मध्ये घर. घरात रेघ नाही.

मला तिथंच शंका आली. नळ काही उडी मारत नाही.

"मदलं कोण खणणार?" मी विचारलं.

"मदलं खालनं," मुकादम म्हणाला. "बीळ पाडायचं. घरात पाय ठेवायचा न्हाय."

घराच्या मधोमध बोळ होता, शहाबादी फरश्यांचा. सात-आठ फरश्या उचलल्या की एका दिवसाचं काम. मी तसं म्हटलं. मागच्या दारात वकिलीणबाई उभ्या होत्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, मुकादमाशी बोलल्या. "फरश्या काढल्या तर ही माणसं स्वयंपाकघरावरून ये-जा करणार. मग मी चूल पेटवायची कुठे?"

"बाईसाहेब, तुमच्या संडासाचा नळ तितनंच जाणार की," मी म्हटलं.

"तो झाकलेला असतो," त्या म्हणाल्या.

आम्ही उघड्या होतो.

वकीलसाहेब बाहेर आले. सभांतून गरिबांच्या बाजूनं बोलणारे म्हणून त्यांचं शहरात नाव. मला म्हणाले, "अहो बाई, घरात सोवळं आहे. समजून घ्या." माझा संशय वाढला. मला जेव्हा जेव्हा कोणी अहो म्हटलं, तेव्हा काहीतरी जड उचलायला लावलं.

आणि आजवर मी समजूनच घेतलं होतं. किती विहिरी खणल्या. पाणी लागलं की वर आले, आणि पुन्हा त्या काठावर गेले नाही. कोणी अडवायच्या आधीच वाट बदलली. तशीच त्या दिवशीही गप्प बसले आणि कुदळ घेतली.

भिंतीखालच्या बिळात मावेल अशी एकच होती. यल्लव्वा, माझी सून. ती पालथी पडून सरपटत आत गेली. ती मागं सारत होती ती माती मी टोपल्यात भरत होते. आधी मुरूम कोरडा आला. मग काळा. मी तो मुठीत आवळला. गोळा झाला. टाकीची ओल वर्षानुवर्षं त्या पायाखाली झिरपली होती. अशा मातीवर भिंत उभी राहते ती नुसती सवयीनं.

"यल्लव्वा, भायर ये."

"एवडं टोपलं भरते, आत्या."

माती बसली. आवाज फार झाला नाही. बाहेर तिचे फक्त तळपाय दिसत होते. मी दोन्ही घोटे धरून ओढलं. आली. तोंडात माती, नाकात माती. खोकली, मग श्वास घेतला.

वकीलसाहेब धावत आले. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत, तडा शोधत. मग मुकादमाला विचारलं, "भिंतीला काही झालं नाही ना?" यल्लव्वा त्यांच्या पायाशी बसून माती थुंकत होती.

मला तेवढं पुरलं.

"आता काम दारातनं," मी म्हटलं. "न्हाईतर न्हाई."

"ए वडारणी, लई बोलू नगंस!" मुकादम ओरडला. "उद्या केम गावाकडची टोळी आणतो. पोट हातावर हाय त्यांचं. गुमान घुसतील बिळात."

"तुम्ही समजूतदार वाटला होतात, बाई," साहेब म्हणाले.

"वाटणारच की, साहेब. आजपातूर मागनंच येत हुते."

आम्ही हत्यारं उचलली. वाटेत यल्लव्वानं पदरानं कानातली माती पुसली. मग म्हणाली, "काम गेलं, आत्या."

"गेलं."

"पर बीळ उगडंच हाय."

मला तेच खटकत होतं. नाही म्हणून मी माझी सून वाचवली होती. त्या बिळात आता दुसरीची सून जाणार होती. माझ्यापेक्षा गरजू असणार, म्हणून जाणार. मुकादमाला हे नीट ठाऊक होतं. साहेबांनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, केमची टोळी यायच्या आत, आम्ही दोघी घरामागं गेलो. बिळात दगड भरले. मोठे आत, बारके फटीत. वरून माती टाकून धुम्मसानं ठोकली. यल्लव्वानं जोर करून शेवटचे घाव घातले. वडारणीनं ठोकलेलं सहजी उकरत नाही.

मग वळसा घालून आम्ही पुढच्या दाराशी गेलो. मी कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून बाईंचा आवाज.

"फरश्या काढाय आलोय," मी म्हटलं, आणि दार उघडेपर्यंत पायरीवरून खाली उतरले नाही.